केसाळ म्हणून भागत नाही

पानावरच्या केसांना इतकी नावं कशाला, हा वाद झाडं ओळखणाऱ्यांत अधूनमधून उकरला जातो आणि दर वेळी तितक्याच वाईट पद्धतीने घातला जातो. टोमेंटोज, लॅनेट, व्हिलस, पायलोज, हर्स्यूट, हिस्पिड, स्ट्रायगोज, सेरिशियस, व्हेल्युटिनस ही यादी ऐकूनच ज्यांचं डोकं उठतं, त्यांचं म्हणणं सोपं आहे: 'केसाळ' म्हणा, सोबत फोटो जोडा आणि मोकळे व्हा. समोर शब्दांचे राखणदार उभे असतात. त्यांच्या मते यातल्या प्रत्येक शब्दाला काटेकोर शास्त्रीय अर्थ आहे आणि तो पाठ करायचा ज्याला कंटाळा येतो त्याने झाडांच्या वाटेला जाऊ नये. मी हे शब्द राखावेत या मताचा आहे, पण राखणदारांचं कारण मला मुळीच पटत नाही. हे शब्द मापाचे नाहीत, हाताचे आहेत. राखणदार ते मापाचे म्हणून खपवतात. विरोधक ते मापाला उतरत नाहीत म्हणून फेकायला निघतात. दोघांची चूक एकच आहे, म्हणून तर भांडण मिटत नाही.

शब्दांची कुळी काढून बघा. 'टोमेंटम' म्हणजे रोमन माणसाच्या गादी-उशीत ठासून भरलेली लोकर, केस, चिंध्या. 'लाना' म्हणजे मेंढीची लोकर, 'व्हिलस' म्हणजे जनावराच्या अंगावरचा झुपकेदार केस. 'सेरिकस' रेशमावरून आला, 'व्हेल्युटिनस' मखमलीवरून. 'ग्लाबर' म्हणजे टकला. आपणही 'तुळतुळीत' हा एकच शब्द डोक्यालाही लावतो आणि पानालाही, तसंच हे. मेंढपाळ, गादीवाला, कापडवाला यांच्या बोटांतून निघालेले हे शब्द. १७५१ साली स्वीडनच्या वनस्पतीशास्त्रज्ञ लिनिअसने 'फिलॉसॉफिया बोटॅनिका'त वनस्पतींच्या अवयवांची परिभाषा बांधली, तेव्हा असे बरेच शब्द पानाच्या पृष्ठभागाला चिकटले. सूक्ष्मदर्शक तेव्हा शंभर वर्षांचा जुना झाला होता, तरी पानाच्या वर्णनासाठी लिनिअसने केस मोजण्याचा मार्ग धरला नाही. हातात धरलेलं पान कसं लागतं, हे दूरच्या माणसाला पत्राने कळवायचं होतं. त्यासाठी दोघांच्याही घरात असलेल्या वस्तूची उपमा लागते. गादी आणि लोकर कुणाच्या घरात नव्हती?

यातला एक शब्द बोटाने तपासून बघण्यासारखा आहे. स्ट्रायगोज पान म्हणजे ज्यावर राठ, ताठर केस सगळे एकाच दिशेला निजलेले असतात. बोट पानाच्या देठाकडून टोकाकडे न्या; काहीच लागत नाही, पान जवळपास गुळगुळीत वाटतं. आता तेच बोट उलट, टोकाकडून देठाकडे आणा. पॉलिश पेपरवरून फिरल्यासारखं बोट अडकत अडकत येतं. हिस्पिड पानाचं तसं नाही. तिथे केस उभे आणि ताठ असतात, त्यामुळे बोट कुठूनही न्या, टोचणारच. सूर्यफुलाच्या देठाला हात लावला आहे त्याला हे सांगावं लागत नाही. आता या दोन पानांचा वरून काढलेला फोटो शेजारी ठेवा आणि सांगा, 'केसाळ' या एका शब्दात आणि त्या फोटोत ही दिशा कुठे आहे?

विरोधकांची बाजू कच्ची आहे असं मात्र नाही. त्यांच्याजवळचा सगळ्यात भारी पुरावा टोमॅटोच्या एका रानटी भावंडाचा आहे, आणि तो ते वापरत का नाहीत याचं मला आश्चर्य वाटतं. दक्षिण अमेरिकेतल्या डोंगरांतल्या या झाडाला १८१३ मध्ये दुनाल या फ्रेंच वनस्पतीशास्त्रज्ञाने 'लायकोपर्सिकॉन हर्सुटम' असं नाव दिलं. हर्सुटम म्हणजे राठ, झिपऱ्या केसांचा. पुढे टोमॅटोचा सगळा गोतावळा सोलॅनम या वांगी-बटाट्याच्या वंशात गेला. तिथे 'हर्सुटम' हे नाव आधीच दुसऱ्या झाडाला मिळालेलं होतं, म्हणून १९९९ मध्ये सँड्रा नॅप आणि डेव्हिड स्पूनर यांनी याला नवं नाव दिलं: 'सोलॅनम हॅब्रोकायटिस'. ग्रीक शब्द, अर्थ मऊ, नाजूक केसांचा. झाड तेच, केस तेच, आणि लॅटिनमध्ये राठ असलेलं ग्रीकमध्ये मऊ झालं! काटेकोर शास्त्रीय अर्थाचे गोडवे गाणाऱ्याने यावर काय बोलावं?

आणखीही आहे. व्हिलस, पायलोज आणि हर्स्यूट यांच्या सीमा कुठे आहेत यावर दोन ग्रंथांचं एकमत होईल याची खात्री नसते. एकाचा 'लांब मऊ केस' दुसऱ्याच्या व्याख्येत 'विरळ लांब केस' होतो. १९७८ मध्ये विलार्ड पेन या वनस्पतीशास्त्रज्ञाने फक्त वनस्पतींच्या केसांच्या शब्दांचा स्वतंत्र कोश छापला. एका विषयाच्या विशेषणांना स्वतंत्र कोश लागतो, याचाच अर्थ घोळ झालेला होता. नावांचा भरवसाही बेताचाच. डिजिटॅलिस लॅनाटा म्हणजे 'लोकरी' डिजिटॅलिस, हृदयविकारावरचं डिगॉक्सिन जिच्यापासून मिळतं ती. तिची लोकर फुलांच्या दांड्यावर आणि पुष्पकोशावर असते. पानं जवळपास तुळतुळीत. तिची बहीण डिजिटॅलिस पर्प्युरिया नावाने नुसती 'जांभळी', आणि लव मात्र तिच्या पानांवर. नाव वाचून पान चाचपणारा दोन्हीकडे फसतो.

हे सगळं मान्य. पण सीमा धूसर आहे म्हणून प्रदेशच नाही, असं कुठे ठरतं? १८१२ मध्ये फ्रीडरिश मोह्सने खनिजांच्या कठीणपणाची दहा पायऱ्यांची शिडी केली, आणि तिचं तत्त्व काय, तर कोण कोणाला ओरखडतं. शंखजिरं तळाला, हिरा वर. त्या पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत. नवव्या आणि दहाव्या पायरीतलं अंतर खालच्या कुठल्याही दोन पायऱ्यांतल्या अंतराहून कितीतरी मोठं आहे. प्रयोगशाळेत कठीणपणा मोजायची नेमकी यंत्रं येऊन जमाना झाला. तरी रानात दगड उचलणारा भूशास्त्रज्ञ आजही खिशातल्या चाकूने ओरखडा काढतो, कारण त्याला तिथे आकडा नको असतो, निवाडा हवा असतो. ब्रिटिश नौदलातल्या ब्यूफर्टने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला वाऱ्याचा जोर मांडला तो जहाजावर किती शिडं उभारता येतात यावरून. पॅट्रिक साइम या चित्रकाराने १८१४ मध्ये खनिजशास्त्रज्ञ वेर्नरच्या रंगनामांचं पुस्तक काढलं, त्यात प्रत्येक रंगासमोर तो कोणत्या प्राण्यात, वनस्पतीत, खनिजात सापडतो ते लिहिलं, आणि डार्विन ते 'बीगल' जहाजावर सोबत घेऊन गेला. ही मापं म्हणजे अनुभवी माणसाचे हात आणि डोळे दुसऱ्याला उसने देण्याची सोय होती. केसांचे शब्द याच जातकुळीतले. फरक इतकाच की मोह्सने दगड शेजारी ठेवून दिले, साइमने रंगाचा ठिपका चिकटवला. केसांच्या शब्दांना मात्र नमुना जोडायचा राहून गेला. उणीव तिथे आहे. मग नमुने जोडा. शब्द का फेकता?

'केसाळ'च्या सोपेपणाची किंमत काय पडते, तेही बघू. कॉम्फ्रे (जिच्या पानांचा लोक काढा करतात) आणि मघाची डिजिटॅलिस पर्प्युरिया या दोन झाडांची पानं फुलं येण्याआधी एकमेकांसारखी दिसतात: जमिनीलगतचा मोठ्या, लांबट, केसाळ पानांचा झुबका. कॉम्फ्रे समजून डिजिटॅलिसचा काढा प्यायलेल्या आणि हृदयाचे ठोके बिघडून रुग्णालयात पोचलेल्या माणसांच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत. कॉम्फ्रेही काही निर्धोक नाही, त्यातली अल्कलॉइडं यकृताला बाधतात, पण ते विष सावकाश काम करतं. डिजिटॅलिस थांबत नाही. दोन्ही पानं 'केसाळ' आहेत, हे विधान शंभर टक्के खरं आहे आणि शंभर टक्के निरुपयोगी. कॉम्फ्रेचं पान राठ, टोचऱ्या केसांचं, हाताला खरखरीत लागणारं. डिजिटॅलिसचं पान मऊ, दाट लवेचं, विशेषतः खालच्या बाजूला. एवढ्या एका खुणेवर कुणी कशाचाही काढा करू नये, हे वेगळं सांगायला नको. पण जी भाषा हा फरक सांगूच शकत नाही तिला 'लोकाभिमुख' म्हणायचं? सामान्य वाचकाला अवघड शब्दाचा त्रास होतो हे मला दिसतं. त्याच्या हातात पान न देता शब्द दिला की त्रास होतो. पान दिलं की दहा मिनिटांत तो राठ आणि मऊ हा भेद तुम्हा-आम्हाला शिकवील.

मग येतात मोजणीवाले. त्यांचं म्हणणं अधिक वजनदार आहे: विशेषणं सोडा, एका चौरस मिलिमीटरात किती केस, किती लांब, किती पेशींचे, ते लिहा, संगणकालाही तेच हवं. मोजा ना, जरूर मोजा. पण कोणतं पान, कोणत्या ऋतूतलं? अमेरिकेच्या वाळवंटातलं एन्सेलिया फॅरिनोसा हे झुडूप घ्या. पाऊसपाणी असताना आलेली त्याची पानं बरीच हिरवी असतात, विरळ केसांची. दुष्काळ वाढतो तशी नवी पानं इतक्या दाट केसांची येतात की झुडूप पांढरं दिसू लागतं. एहलरिंगर, ब्यर्कमन आणि मूनी या संशोधकांनी १९७६ मध्ये दाखवलं की हे केस ऊन परतवतात. ओलाव्यातलं पान अंगावर पडलेल्या प्रकाशापैकी ८० टक्क्यांच्या आसपास शोषतं, तर रखरखाटातलं पांढरं पान सुमारे ३० टक्क्यांपर्यंत खाली येतं. किनाऱ्याकडची त्याची बहीण एन्सेलिया कॅलिफॉर्निका जवळपास केसांशिवाय राहते. आता या झुडपाची 'केसांची संख्या' म्हणून कोणता आकडा छापायचा? मार्चचा की जूनचा? आकडा दिसतो नेमका, पण ऋतूची नोंद नसेल तर तो विशेषणाइतकाच मोघम. उलट जास्त घातक, कारण त्याच्यावर कुणी शंका घेत नाही.

फोटोबद्दल थोडक्यात. पानाची खालची बाजू, कोवळा शेंडा, केस चिकट आहेत का, चुरगळल्यावर वास येतो का, या चारांपैकी निदान तीन गोष्टी सामान्य फोटोत नसतात. फोटो ओळखणारी अ‍ॅप्स मीही वापरतो आणि फुलांच्या बाबतीत ती थक्क करतात. केसांच्या बाबतीत ती अंदाज बांधतात.

इथवर राखणदार खूश झाले असतील, म्हणून आता त्यांच्याकडे वळतो. त्यांचं पाप असं की ते एक विशेषण लिहून थांबतात. 'पान टोमेंटोज', म्हणजे दाट गुंतलेल्या लोकरी केसांचं, आणि पूर्णविराम. स्टॅकिस बायझँटिना, जिला इंग्रजीत मेंढराचे कान म्हणतात, आणि व्हर्बॅस्कम थॅप्सस ही दोन्ही करड्या-पांढऱ्या लोकरी पानांची झाडं. डोळे मिटून हात फिरवला तर नवखा माणूस गोंधळेल. दहापट भिंग लावा. स्टॅकिसवर लांब, फांद्या नसलेले केस एकमेकांवर लोळलेले दिसतात. व्हर्बॅस्कमवर मात्र झाडंच झाडं: प्रत्येक केस म्हणजे एक खोड, त्याला पायरीपायरीने फुटलेल्या फांद्यांची कडी, झुंबर असावं तशी. ती झुंबरं एकमेकांत गुंतून तो मऊ थर बनतो. सागाचं पान उलटं करून भिंगाखाली धरलं तर तिथे चांदण्या दिसतात, एका बिंदूतून चहूकडे फुटलेल्या. हात तिघांनाही 'मऊ थर' म्हणतो, भिंग त्यांना तीन घराण्यांत वाटून टाकतं. सोलॅनमच्या एका मोठ्या शाखेची ओळखच या चांदणीकेसांवर आहे. तिथे नुसतं 'टोमेंटोज' लिहिणं म्हणजे माणसाचं वर्णन 'कपडे घातलेला' असं करणं.

त्यातही ग्रंथी. टोमॅटोच्या गोतावळ्यातल्या केसांचे लकविल या वनस्पतीशास्त्रज्ञाने १९४३ मध्ये सात प्रकार केले आणि ते क्रमांक आजही वापरात आहेत. त्यांतल्या काहींच्या टोकाला रसाची गाठ असते. मघाच्या त्या हॅब्रोकायटिसची खरी करामत तिथे आहे. तो राठ की मऊ हे भांडण बाजूला ठेवा. त्याच्या केसांच्या टोकांवरच्या रसाने किडी हैराण होतात, म्हणून टोमॅटोची नवी वाणं करणारे त्याच्या मागे असतात. दोन्ही नावांनी केसांचा पोत सांगितला आणि ग्रंथी दोन्ही नावांतून निसटली. हिवतापावरचं आर्टेमिसिनिन आर्टेमिसिया अन्युआ या वनस्पतीच्या अशाच ग्रंथीकेसांत तयार होतं. आर्टेमिसिनिनच्या शोधासाठी चीनच्या तू योयो यांना २०१५ चं नोबेल मिळालं. केस कुठून उगवतो हेही असंच. कापसाचा प्रत्येक तंतू म्हणजे सरकीच्या सालीवरची एकच लांबलेली पेशी. सावरीचा कापूस मात्र बोंडाच्या भिंतीच्या आतल्या बाजूला उगवतो, बीला चिकटलेला नसतो. दोन्ही 'कापूस', दोन्ही मऊ, आणि उगम बघावा तर एक बीचा, एक फळाचा.

मी स्वतः या एका विशेषणाच्या सवयीने पुरता आपटलो आहे. एका झुडपाची ओळख पटवताना किल्लीत, म्हणजे एकेका प्रश्नाने नावापर्यंत नेणाऱ्या फाट्यांच्या यादीत, पहिलाच प्रश्न होता: पान लवदार की तुळतुळीत? माझ्या हातातलं पान पूर्ण वाढलेलं, चकचकीत. तुळतुळीतच्या फाट्याने गेलो आणि दुपारभर भलत्याच कुळात भटकलो. संध्याकाळी सहज शेंड्याची कळी सोलली तर आत गच्च तपकिरी लोकर. त्या झाडाची पानं जन्मतात लोकरीत आणि वयाबरोबर टकली होतात. किल्ली लिहिणाऱ्याने 'कोवळेपणी' हा एक शब्द घातला असता तर माझी दुपार वाचली असती. म्हणून माझी मागणी एवढीच: पोताचा शब्द लिहा, आणि लगेच पुढच्या अर्ध्या ओळीत केस साधा की फाटे फुटलेला, ग्रंथी आहे की नाही, पानाच्या कोणत्या बाजूला, कोणत्या वयात, हे सांगा. टोमेंटोज हे वाक्याचं पहिलं पद असू द्या, शेवटचं नको.

मराठीत हे लिहायची वेळ येते तेव्हा वाद आणखी विचित्र होतो. आपले राखणदार लॅटिनच्या जागी रोमिल, लोमश, घनरोमिल अशी संस्कृत टांकसाळ चालवतात. संस्कृताशी माझं वाकडं नाही. ऊर्णा म्हणजे लोकर आणि ऊर्णनाभ म्हणजे कोळी, बेंबीत लोकर असलेला, ही कल्पना मला कुठल्याही लॅटिन शब्दाहून गोड वाटते. पण टोमेंटम हा रोमन माणसाच्या गादीतला शब्द होता. घनरोमिल कुणाच्या गादीत आहे? आपल्याकडे लव आहे, लोकर आहे, कुसळ आहे, जट आहे, नमदा आहे, पिंजलेला कापूस आहे. राठ, तलम, खरखरीत, मखमली, बुळबुळीत आहे. कोळिष्टकासारखं म्हटलं की अ‍ॅरॅक्नॉइड समजावून सांगावं लागत नाही. दाबून बसवलेल्या गुंतलेल्या केसांच्या थराला 'नमद्यासारखा' हून नेमका शब्द मला तरी सुचत नाही. यावर आक्षेप येतो की असे घरगुती शब्द जगात चालणार नाहीत. नाहीच चालणार. नव्या जातीचं नाव ग्राह्य धरायला १९३५ पासून लॅटिन वर्णन सक्तीचं होतं, २०१२ पासून लॅटिन किंवा इंग्रजी. मराठी त्या दारात उभी राहत नाही. म्हणून नाव देताना ती भाषा वापरा आणि मराठी पुस्तकात लॅटिन शब्द देवनागरीत एकदा शेजारी ठेवून पुढे नमदा म्हणा. तिथे आपण जगासाठी लिहीत नसतो, पान हातात घेतलेल्या वाचकासाठी लिहीत असतो.

भिंग मोठं की बोट, हे भांडण सूक्ष्मदर्शकाच्या बाल्यावस्थेत एका माणसाने सहज ओलांडलं होतं. रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६६५ च्या 'मायक्रोग्राफिया'त दंशकेसांच्या नेटल या झाडावर एक प्रकरण लिहिलं आणि लगोलग पुढचं लिहिलं ते 'कावेज'वर, म्हणजे आपल्या खाजकुयलीच्या शेंगेवरच्या कुसळांवर; तो इंग्रजी शब्दही हिंदीतल्या केवाँचवरूनच गेलेला. नेटलचा केस का झोंबतो हे त्याला बघायचं होतं. त्याने चष्म्यासारख्या चौकटीत एक भिंग बसवलं, ते डोळ्यांना लावलं, आणि बघता बघता आपलीच कातडी हळूच त्या केसांच्या टोकांवर टेकवली. केस कातडीत शिरताना आतला रस वर सरकलेला त्याला दिसला, आणि त्याच क्षणी आग झाली.